क्लॉड शॅनन : मोबाईलचं नेटवर्क आणि एआय, दोन्हींच्या मुळाशी असलेला प्राध्यापक

व्हॉट्सॲपवर 'शुभ स' एवढं टाईप केलं की कीबोर्डच्या वरच्या पट्टीत 'सकाळ' हा शब्द हजर होतो. पाठवायचं बटण दाबलं की तोच संदेश मोबाईल टॉवर, केबल आणि सर्व्हर पार करत काही क्षणांत नागपूरच्या मावशीच्या फोनवर उमटतो. वाटेत कितीही गोंगाट असला तरी एकही अक्षर गळत नाही.

पहिलं काम आपण एआयच्या खात्यावर टाकतो, दुसरं नेटवर्कच्या. कॉलेजात हे दोन विषय वेगवेगळे शिकवले जातात आणि नोकऱ्याही वेगवेगळ्या असतात. पण दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. पुढे काय येणार, याचा अंदाज किती बांधता येतो?

हा प्रश्न पहिल्यांदा नीट गणितात मांडला तो क्लॉड एलवुड शॅनन यांनी. ते इलेक्ट्रिकल इंजिनिअर आणि गणितज्ञ होते. आधी बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधन केलं आणि पुढे एमआयटीमध्ये प्राध्यापक झाले. त्यांच्या कारकिर्दीत दूरसंचार आणि विचार करणारं यंत्र हे दोन धागे सुरुवातीपासून एकत्र विणलेले दिसतात.

काटेरी कुंपणातून तारयंत्र

३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, पेटॉस्की इथं शॅनन यांचा जन्म झाला. बालपण गेलॉर्ड या लहानशा गावात गेलं. आई मेबल भाषेच्या शिक्षिका होत्या आणि पुढे गावातल्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिका झाल्या. वडील व्यावसायिक होते आणि काही काळ त्यांनी न्यायाधीश म्हणूनही काम केलं.

छोट्या क्लॉडला यंत्रं उघडायची आणि पुन्हा जोडायची भारी हौस होती. अर्ध्या मैलावर राहणाऱ्या मित्राशी बोलता यावं म्हणून त्यानं घरच्या घरी तारयंत्र उभं केलं. एवढी लांब तार आणायची कुठून? शेताच्या काटेरी कुंपणाची तार होतीच. जनावरं अडवायला लावलेल्या तारेतून दोन पोरांच्या गप्पा सुरू झाल्या.

१९३६ मध्ये मिशिगन विद्यापीठातून त्यांनी एकदम दोन पदव्या घेतल्या, एक इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची आणि दुसरी गणिताची. ही जोडी पुढे फार कामाला आली.

बटणांचं तर्कशास्त्र

त्याच वर्षी शॅनन एमआयटीत दाखल झाले. तिथं प्राध्यापक व्हॅनेव्हार बुश यांचं 'डिफरन्शियल ॲनलायझर' नावाचं खोलीभर पसरलेलं यांत्रिक संगणनयंत्र होतं. शॅनन यांच्याकडे ते सांभाळायचं काम आलं. या यंत्राच्या नियंत्रणासाठी रिले वापरले होते. रिले म्हणजे विजेच्या चुंबकानं चालू-बंद होणारं बटण. त्या काळातली टेलिफोन एक्स्चेंज अशा हजारो रिलेंवर चालायची. मात्र त्यांची जोडणी इंजिनिअर अनुभवानं आणि अंदाजानं करत असत, त्यामागे नेमकं गणित नव्हतं.

ते गणित शॅनन यांना सापडलं जुन्या तर्कशास्त्रात. इंग्रज गणितज्ञ जॉर्ज बूल यांनी १८५४ मध्ये तर्कशास्त्र बीजगणितासारखं मांडलं होतं. विधान खरं असेल तर १, खोटं असेल तर ०. विधानं जोडायची ती 'आणि', 'किंवा', 'नाही' या शब्दांनी.

आपल्या घरातली वायरिंग बघा. मेन स्विच चालू असेल 'आणि' पंख्याचं बटण चालू असेल, तरच पंखा फिरतो. पुढच्या दारावरची बेल दाबली 'किंवा' मागच्या दारावरची दाबली, तरी घंटा वाजते. बटणं एकापाठोपाठ जोडली की 'आणि' तयार होतं, शेजारी शेजारी जोडली की 'किंवा'.

वाचायला सोपं वाटतं, पण यातून निघणारा निष्कर्ष मोठा होता. तर्कातलं कुठलंही विधान बटणांच्या जोडणीत उतरवता येतं. म्हणजेच विजेच्या सर्किटला हिशेब करता येतो, तुलना करता येते आणि निर्णयही घेता येतो. १९३७ मध्ये मास्टर्सच्या प्रबंधात शॅनन यांनी हे सिद्ध करून दाखवलं तेव्हा त्यांचं वय होतं २१. आज प्रत्येक प्रोसेसरच्या आत जी लॉजिक सर्किट असतात, त्यांच्या रचनेचा पाया या प्रबंधात आहे.

टेलिफोन जोडणारं बटण आणि विचार करणारं बटण एकच आहे, हे त्यांना इथंच समजलं होतं.

युद्धातले दोन धडे

१९४० मध्ये डॉक्टरेट घेतल्यावर शॅनन १९४१ मध्ये बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. दुसरं महायुद्ध सुरू होतं आणि त्यांच्याकडे दोन प्रकारची कामं आली.

पहिलं काम विमानविरोधी तोफांचं. तोफेचा गोळा आकाशात पोहोचेपर्यंत विमान पुढे गेलेलं असतं. त्यामुळे नेम धरायचा तो विमान आत्ता जिथं आहे तिथं नाही, काही सेकंदांनी जिथं असेल तिथं. रडारची आकडेवारी अस्पष्ट आणि चुकांनी भरलेली असायची. त्या गोंधळातून पुढची जागा ओळखायची होती.

दुसरं काम सांकेतिक लिपीचं. गुप्त संदेश फोडणारा माणूस भाषेच्या सवयींवर भरवसा ठेवतो. कुठलं अक्षर वारंवार येतं, कुठल्या अक्षरामागे कुठलं येतं, यावरून तो कुलूप उघडतो. या कामातून शॅनन यांनी १९४५ मध्ये एक गोपनीय अहवाल लिहिला, जो १९४९ मध्ये शोधनिबंध म्हणून प्रसिद्ध झाला. संदेशाइतकीच लांब, पूर्णपणे यादृच्छिक आणि एकदाच वापरलेली किल्ली असेल तर तो संदेश फोडणं अशक्य आहे, हे त्यांनी गणितानं सिद्ध केलं.

याच काळात, १९४३ च्या सुरुवातीला, ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग बेल लॅब्जमध्ये आले होते. दोघंही सांकेतिक लिपीवर काम करत होते, पण गोपनीयतेमुळे त्याविषयी एकमेकांशी बोलता येत नव्हतं. मग कॅन्टीनमध्ये चहा घेताना विषय निघायचा तो यंत्राला माणसासारखा विचार करता येईल का, याचा.

१९४८ : माहिती मोजायची कशी?

१९४८ च्या जुलै आणि ऑक्टोबरमध्ये बेल कंपनीच्या तांत्रिक नियतकालिकात शॅनन यांचा एक दीर्घ निबंध दोन भागांत छापून आला. विषय होता संदेशवहनाचा गणिती सिद्धांत. 'इन्फर्मेशन थिअरी' म्हणजेच माहितीशास्त्र या निबंधातून जन्माला आलं.

धान्य किलोत मोजतात, कापड मीटरमध्ये. माहिती कशात मोजायची? शॅनन यांचं उत्तर असं, की संदेशामुळे तुमची अनिश्चितता जितकी कमी होते, तितकी त्यात माहिती असते.

फॅमिली ग्रुपवर एक काका रोज सकाळी सात वाजता 'शुभ सकाळ'चा फोटो टाकतात. तो येणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. म्हणून त्या संदेशात माहिती जवळपास शून्य. एके दिवशी फोटो आलाच नाही, तर मात्र सगळे दचकतात आणि फोन लावतात. त्या दिवशीच्या शांततेत रोजच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त माहिती असते.

मोजायचं एकक ठरलं 'बिट'. हा शब्द सुचवण्याचं श्रेय शॅनन यांनी त्यांचे सहकारी जॉन ट्यूकी यांना दिलं आहे. नाणं उडवल्यावर छापा की काटा, हे कळलं की १ बिट माहिती मिळते. आठ जणांपैकी चिठ्ठी कोणाच्या नावाची निघाली हे 'हो-नाही' प्रश्न विचारून शोधायचं असेल तर तीन प्रश्न पुरतात, म्हणून ती माहिती ३ बिट. एखाद्या स्रोतातून सरासरी किती माहिती येते, या मापाला त्यांनी 'एंट्रॉपी' असं नाव दिलं.

या व्याख्येमुळे फोनवरचा आवाज, तारेचा मजकूर, छायाचित्र आणि सिनेमा एका पातळीवर आले. आज गाणी, व्हिडिओ, बँकेचा ओटीपी सगळं एकाच नेटवर्कमधून बिटांच्या रूपात धावतं. त्यामागचा विचार इथं आहे.

गोंगाटातही अचूक निरोप

त्याच निबंधातला दुसरा निष्कर्ष इंजिनिअरांसाठी धक्कादायक होता. तोवरची समजूत अशी होती की लाईनवर खरखर असेल तर चुका होणारच. त्या कमी करायच्या तर सिग्नलची ताकद वाढवा किंवा सावकाश पाठवा.

शॅनन यांनी दाखवलं की प्रत्येक मार्गाची माहिती वाहून नेण्याची एक कमाल मर्यादा असते. मार्गाची रुंदी आणि गोंगाट यांवरून ती ठरते. या मर्यादेच्या आत राहून पाठवलं, तर योग्य सांकेतिक रचना करून चुका हव्या तितक्या कमी करता येतात. मर्यादा ओलांडली तर कुठलीही युक्ती चालत नाही.

सांकेतिक रचना म्हणजे काय, हे आपण रोज करतो. एसटी स्टँडवरच्या गोंधळात फोनवर आडनाव सांगताना 'पाटणे' की 'पाटील' हे समोरच्याला कळत नाही. मग आपण 'ण बाणातला' असं सांगतो. एका अक्षरासाठी आख्खा शब्द खर्च होतो, पण निरोप चुकत नाही. नेटवर्कही तेच करतं. मूळ बिटांसोबत विचारपूर्वक निवडलेले जादा बिट पाठवले जातात, त्यामुळे वाटेत काही बिट बिघडले तरी पलीकडचं यंत्र मूळ संदेश पुन्हा जुळवू शकतं.

गंमत अशी की शॅनन यांनी अशी रचना अस्तित्वात आहे एवढंच सिद्ध केलं. ती प्रत्यक्षात कशी बनवायची हे सांगितलं नाही. पुढची कित्येक दशकं इंजिनिअर तिचा शोध घेत राहिले.

पुढचं अक्षर कोणतं?

आता एआयकडे वळू, कारण त्याचं बीजही याच निबंधात आहे.

भाषेत किती अनिश्चितता असते हे दाखवण्यासाठी शॅनन यांनी एक खेळ केला. पुस्तक कुठेही उघडायचं आणि एक अक्षर निवडून लिहून घ्यायचं. मग दुसरं पान उघडायचं, वाचत वाचत ते अक्षर जिथं सापडेल तिथं थांबायचं आणि त्याच्यानंतरचं अक्षर लिहायचं. पुन्हा नवं पान, पुन्हा तेच. नंतर हाच प्रयोग त्यांनी शब्दांवर केला. तयार झालेल्या वाक्यांना अर्थ नव्हता, पण ती दिसायला अगदी इंग्रजीसारखी होती. दोन शब्दांच्या पुढे मात्र ते गेले नाहीत, कारण हे सगळं हातानं करायचं म्हणजे वेळखाऊ काम होतं.

१९५१ मध्ये त्यांनी याची पुढची पायरी प्रसिद्ध केली. यावेळी अंदाज करायचा होता माणसानं. एका अपरिचित मजकुरातलं एकेक अक्षर समोरच्याला ओळखायला सांगायचं. चुकलं की योग्य अक्षर सांगायचं आणि पुढे जायचं. एका नमुन्यात १२९ अक्षरांपैकी ८९ अक्षरं पहिल्याच झटक्यात बरोबर ओळखली गेली.

इंग्रजीची २६ अक्षरं आणि मोकळी जागा अशी २७ चिन्हं धरली, आणि सगळी सारख्याच प्रमाणात येतात असं मानलं, तर एका चिन्हात साधारण ४.७५ बिट माहिती असायला हवी. मागची शंभर अक्षरं माहीत असताना शॅनन यांचा अंदाज निघाला ०.६ ते १.३ बिट. म्हणजे आपण लिहितो त्यातला मोठा भाग वाचणाऱ्याला आधीच ठाऊक असतो. 'उद्य सकळ लवकर नघू' असं अर्धवट टाईप केलं तरी समोरच्याला अडचण येत नाही, ती त्यामुळेच.

इथं नेटवर्क आणि एआय एकमेकांना भेटतात. पुढचं अक्षर जितकं चांगलं ओळखता येईल, तितकं कमी पाठवून काम भागतं. फाईल लहान करणं आणि भाषेचा अंदाज बांधणं या एकाच गणिताच्या दोन बाजू आहेत.

टेलिफोनच्या रिलेंवर चालणारा उंदीर

१९५० मध्ये शॅनन यांनी एक खेळणं बनवलं. ग्रीक पुराणकथेत भुलभुलैयातून बाहेर पडणाऱ्या वीरावरून त्याचं नाव ठेवलं थिसिअस. जोडणीच्या कामात त्यांच्या पत्नी बेटी यांचा मोठा हात होता. त्या स्वतः गणितज्ञ होत्या आणि बेल लॅब्जमध्येच काम करत.

२५ चौकोनांच्या भुलभुलैयात लाकडी उंदीर सोडला की तो भिंतींवर आपटत, मागे फिरत, शोधत शोधत ठरलेल्या जागी पोहोचायचा. दुसऱ्यांदा सोडला की एकही चूक न करता थेट तिथं जायचा. भिंती हलवल्या तर बदललेला भाग नव्यानं शिकायचा. एकाच जागी गोल गोल फिरत राहिला, तर त्यातून बाहेर काढण्यासाठीही सर्किटमध्ये सोय होती.

खरं तर उंदराला डोकं नव्हतंच. तो फक्त चाकांवरचा चुंबक होता. डोकं होतं खालच्या फळीत लपवलेल्या सुमारे ७५ टेलिफोन रिलेंचं. एक्स्चेंजमध्ये जे रिले कॉलसाठी वाट शोधायचे आणि ती लक्षात ठेवायचे, त्यांनीच इथं उंदराची वाट शोधली आणि लक्षात ठेवली. अनुभवातून शिकणाऱ्या सुरुवातीच्या यंत्रांमध्ये थिसिअसची गणना होते.

बुद्धिबळ आणि एआयचं बारसं

त्याच वर्षी बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकावरचा शॅनन यांचा निबंध प्रसिद्ध झाला. संगणकानं पटाला गुण कसे द्यावेत हे त्यांनी मांडलं. वजिराला ९, हत्तीला ५, उंट आणि घोड्याला ३ आणि प्याद्याला १. शिवाय पुढच्या काही चाली तपासून प्रतिस्पर्धी आपल्याला सर्वांत त्रासदायक चाल करेल असं धरून चालायचं. सगळ्याच शक्यता तपासायच्या म्हटलं तर डावांची संख्या १ वर १२० शून्यं इतकी होते, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून कुठल्या चाली पाहायच्याच नाहीत हे ठरवणं महत्त्वाचं.

बुद्धिबळ हे निमित्त होतं. अशा यंत्रांचा पुढे कुठे उपयोग होईल, याची यादीही त्यांनी दिली. त्यात भाषांतर होतं, तर्कानं निष्कर्ष काढणं होतं, आणि परिस्थिती पाहून टेलिफोन कॉलची वाट ठरवणंही होतं. नेटवर्क सांभाळायला बुद्धिमान यंत्र वापरायची कल्पना त्यांनी १९५० मध्येच लिहून ठेवली होती.

१९५५ मध्ये जॉन मॅकार्थी, मार्विन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि शॅनन या चौघांनी एका उन्हाळी प्रकल्पाचा प्रस्ताव लिहिला. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' हे नाव या प्रस्तावामुळे रूढ झालं. १९५६ च्या उन्हाळ्यात डार्टमथ कॉलेजात ही बैठक झाली आणि एआय ही स्वतंत्र विद्याशाखा म्हणून उभी राहिली.

नावावरून मात्र एक किस्सा आहे. मॅकार्थी आणि शॅनन यांनी मिळून एक लेखसंग्रह संपादित केला होता. शॅनन यांना भडक नाव नको होतं, म्हणून त्याचं नाव साधंच ठेवलं गेलं. आलेले लेख यंत्राच्या बुद्धीविषयी नव्हते, त्यामुळे मॅकार्थी नाराज झाले. पुढच्या प्रस्तावात त्यांनी थेट बुद्धीचंच नाव घेतलं.

एमआयटीतले प्राध्यापक

१९५६ मध्ये शॅनन एमआयटीत अभ्यागत प्राध्यापक म्हणून आले आणि १९५८ मध्ये तिथं कायमचे रुजू झाले. बेल लॅब्जशी त्यांचं नातं १९७२ पर्यंत टिकलं. एमआयटीतून ते १९७८ मध्ये निवृत्त झाले.

त्यांच्या हाताखाली इव्हान सदरलँड यांनी 'स्केचपॅड' हा प्रोग्रॅम लिहिला. त्यात पडद्यावर प्रकाशलेखणीनं चित्र काढता यायचं. आजच्या संगणकीय ग्राफिक्सची सुरुवात तिथून मोजतात.

लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या पीएचडी समितीत शॅनन होते. आजूबाजूचे बहुतेक विद्यार्थी शॅनन यांनी मागे ठेवलेल्या प्रश्नांना भिडलेले असताना क्लाइनरॉक यांनी वेगळी वाट धरली. नेटवर्कमध्ये संदेशांची रांग लागली तर काय होतं, याचं गणित त्यांनी मांडलं. संदेशाचे तुकडे करून पाठवण्याची कल्पना पॉल बॅरन आणि डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे सुचली होती. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी क्लाइनरॉक यांच्या लॉस एंजेलिसच्या प्रयोगशाळेतून आर्पानेटवरचा पहिला संदेश निघाला. लिहायचं होतं 'लॉगिन', पण पहिली दोन इंग्रजी अक्षरं पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. इंटरनेटची सुरुवात अशी अडखळत झाली.

या काळातल्या एमआयटीला पुण्याशी जोडणारं एक नावही आहे. थॉमस कैलथ यांचा जन्म पुण्यातला. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५६ मध्ये दूरसंचार शाखेची पदवी घेऊन ते एमआयटीत पोहोचले आणि सतत बदलणाऱ्या मार्गांवरून संदेश कसा पाठवायचा या विषयावर १९६१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे ते स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक झाले. भारत सरकारनं २००९ मध्ये त्यांना पद्मभूषण दिलं.

आणि शॅनन यांनी न सांगितलेल्या त्या सांकेतिक रचनेचं काय झालं? एमआयटीतच रॉबर्ट गॅलॅगर यांनी १९६० मध्ये एक रचना शोधली. तेव्हाच्या यंत्रांना ती पेलवत नव्हती, म्हणून ती जवळपास तीस वर्षं पडून राहिली. १९९० च्या दशकात तिचा पुन्हा शोध लागला. आज ५जी आणि वाय-फायमध्ये ती वापरली जाते. ५जीमधली दुसरी रचना २००९ मध्ये मांडली ती एर्दाल अरिकान या तुर्की प्राध्यापकांनी, आणि ते गॅलॅगर यांचेच विद्यार्थी.

लाटेवर स्वार होणाऱ्यांना इशारा

१९५० च्या दशकात माहितीशास्त्राची प्रचंड हवा झाली. मानसशास्त्र, जीवशास्त्र, अर्थशास्त्र, जिकडे तिकडे एंट्रॉपी आणि बिट हे शब्द ऐकू येऊ लागले. एखाद्याला आपल्या विषयाचा एवढा गवगवा सुखावला असता.

शॅनन यांनी १९५६ मध्ये जेमतेम एका पानाचा लेख लिहून उलट सावध केलं. त्यांचं म्हणणं असं होतं की हा विषय संदेशवहनाच्या एका ठरावीक प्रश्नासाठी बनलाय. दुसऱ्या क्षेत्रात नुसते शब्द उचलून नेल्यानं उत्तरं मिळत नाहीत, त्यासाठी गृहीतकं मांडून ती प्रयोगानं तपासावी लागतात. निसर्गाची सगळी गुपितं एका किल्लीनं उघडत नसतात, आणि फुगा फुटला की खऱ्या कामाचंही नुकसान होतं.

ज्या वर्षी एआयचं बारसं झालं, त्याच वर्षी हा लेख आला. पुढच्या काळात एआयबद्दलच्या अवाजवी आशा दोनदा कोसळल्या आणि संशोधनाचा निधी आटला. प्रत्येक ॲपवर 'एआय' अशी पाटी लागण्याच्या आजच्या दिवसांत तो एक पानी लेख अजून जुना वाटत नाही.

अर्थ बाजूला ठेवला, आणि प्रश्न तिथंच उरला

१९४८ च्या निबंधाच्या सुरुवातीलाच शॅनन यांनी एक गोष्ट स्पष्ट केली होती. संदेशाला अर्थ असतो, पण इंजिनिअरच्या कामाशी त्याचा संबंध नाही. नेटवर्कला प्रेमपत्र आणि विजेचं बिल सारखंच. या एका निर्णयामुळे सगळं गणित शक्य झालं.

अंदाजाचा खेळ मात्र इथं संपला नाही. १९७० च्या दशकात आयबीएममध्ये फ्रेडरिक येलिनेक आणि सहकाऱ्यांनी शॅनन यांचं गणित आवाज ओळखण्यासाठी वापरलं. येलिनेक हे एमआयटीत माहितीशास्त्र शिकलेले. बोलणं म्हणजे गोंगाटातून आलेला संदेश, असं मानून मूळ शब्द कोणते असावेत याचा ते अंदाज घेत. व्याकरणाच्या नियमांपेक्षा आकडेवारीवर त्यांचा भर होता.

आजची मोठी भाषा मॉडेल हाच खेळ अवाढव्य प्रमाणावर खेळतात. मागचा मजकूर बघायचा आणि पुढचा तुकडा ओळखायचा. अंदाज किती चुकला हे मोजायला वापरलं जाणारं माप एंट्रॉपीच्याच कुळातलं आहे. शॅनन हातानं दोन शब्दांपर्यंत पोहोचले होते. आजची यंत्रं हजारो शब्द मागे पाहतात.

पण जो प्रश्न नेटवर्कसाठी बाजूला ठेवता आला, तो इथं ठेवता येत नाही. चॅटबॉटला औषधाचा डोस विचारला आणि त्यानं शोभून दिसणारं पण चुकीचं उत्तर दिलं, तर वाक्य संभाव्य होतं एवढ्यानं भागत नाही. पुढचा शब्द अचूक ओळखणं म्हणजे समजणं का, यावर संशोधकांत आजही दोन तट आहेत. स्वतः शॅनन उतारवयातल्या मुलाखतींमध्ये उघडपणे यंत्रांच्या बाजूनं बोलत. एंट्रॉपीच्या मापात मात्र खरं आणि खोटं यांचा रकानाच नाही. एआयचं उत्तर वाचताना तो रकाना वाचणाऱ्यालाच भरावा लागतो.

शेवटची वर्षं

१९६० नंतर शॅनन यांनी लेखन बरंच कमी केलं. बॉस्टनजवळच्या विंचेस्टर इथल्या घरात ते एकचाकी सायकल चालवत, चेंडू झेलण्याचे खेळ करत आणि त्या खेळाचंही गणित मांडत. रोमन अंकांत हिशेब करणारा संगणकही त्यांनी बनवला होता. एडवर्ड थॉर्प यांच्यासोबत रूलेटमधल्या गोळीचा अंदाज बांधणारा, अंगावर बाळगता येईल असा छोटा संगणक त्यांनी १९६१ मध्ये पूर्ण केला.

१९६६ मध्ये अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक आणि १९८५ मध्ये जपानचा क्योटो पुरस्कार त्यांना मिळाला. १९८५ मध्येच इंग्लंडमधल्या ब्रायटनला माहितीशास्त्राच्या परिषदेत ते अचानक हजर झाले, तेव्हा सही घ्यायला संशोधकांची रांग लागली. भाषण करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी खिशातून तीन चेंडू काढले आणि हवेत खेळवायला सुरुवात केली.

पुढे अल्झायमरनं त्यांची स्मरणशक्ती हिरावून घेतली. १९९० च्या दशकात इंटरनेट घरोघरी पोहोचत होतं, १९९७ मध्ये 'डीप ब्लू' संगणकानं विश्वविजेत्या गॅरी कास्पारोव्हला हरवलं. आपण ज्याची सुरुवात केली ते कुठवर पोहोचलं, हे समजून घेण्याच्या स्थितीत शॅनन तेव्हा राहिले नव्हते. २४ फेब्रुवारी २००१ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड इथं वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

बूलच्या पुस्तकातलं तर्कशास्त्र, टेलिफोनचे रिले, तोफेचा नेम आणि भाषेच्या सवयी अशा चार दिशांच्या गोष्टी त्यांनी एका प्रश्नाला जोडल्या. पुढच्या वेळी कीबोर्ड तुमचा शब्द आधीच सुचवेल, तेव्हा तो शॅनन यांच्या १९४८ च्या पुस्तकाच्या खेळाचीच पुढची खेळी करत असेल.